पूर देवाचा, तट कुणाचा?

नदीला देवता मानणाऱ्या समाजापुढे एक जुना प्रश्न आहे. पूर ही तिचीच करणी असेल, तर काठाला दगड लावून तिला अडवणे धर्मात बसते का? शास्त्रे, पुराणे आणि लोकाचार पाहिले, तर अडवण्याच्या बाजूने बऱ्यापैकी ठाम उत्तर मिळते. अडवलेले पाणी मग कुणाच्या दारात जाते, हा त्यापुढचा प्रश्न जास्त अवघड आहे.

कौटिल्याने अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात आठ दैवी संकटे सांगितली आहेत. त्यांत आग, रोगराई आणि दुष्काळ यांच्याबरोबर पूरही येतो. पण पुराला दैवी म्हटले म्हणून तो हात जोडून बसत नाही. पावसाळ्यात काठच्या गावांनी पुराच्या टप्प्याबाहेर राहावे, फळ्या, बांबू आणि नावा तयार ठेवाव्यात, असे तो सांगतो. साधन असूनही बुडणाऱ्याच्या मदतीला न धावणाऱ्याला बारा पण नाण्यांचा दंड आहे. पर्वकाळी नदीची पूजा करावी, हेही त्याच ओघात येते. पूजा आणि नाव यांत त्याला विरोध दिसत नाही. पूजेने नावेचे काम होईल, असेही तो म्हणत नाही.

काठ कसा जातो, हे पाहिले की ही सावधगिरी पटते. नदी वळते तिथे बाहेरच्या काठावर धार आदळते. आधी पायथा पोखरला जातो, मग वरची माती दरडीसारखी सुटते. पुष्कळदा पूर चढताना टिकलेला काठ पूर ओसरताना कोसळतो, कारण माती भिजून जड झालेली असते आणि तिला बाहेरून रेटून धरणारे पाणी उतरलेले असते. मातीच्या बांधाला उंदराचे बीळही पुरते. त्यातून झिरपणारे पाणी मातीचे कण ओढून नेते, बीळ रुंदावते आणि बांध आतून पोकळ होतो. कौटिल्याच्या यादीत उंदीर हे स्वतंत्र संकट आहे. तिथे चिंता धान्याची आहे, पण बांध सांभाळणाऱ्यालाही ती यादी उपयोगी पडावी. उपाय फार गूढ नाहीत: दगडी पिचिंग, तारेच्या जाळीत भरलेले दगड, वाळ्यासारख्या खोल मुळांच्या गवताची लागवड. घाटाच्या दगडी पायऱ्याही स्नानाच्या सोयीबरोबर काठाचे चिलखत होतात. विहिरी, तळी यांसारख्या लोकोपयोगी बांधकामांना परंपरेने पूर्तधर्मात धरले, आणि अहिल्याबाई होळकरांचे घाट त्याच वाटेवरचे आहेत.

तट ही सगळ्यांची जबाबदारी असेल, तर ती वाटायची कशी? याचा सर्वांत खोल विचार एका तमिळ पुराणकथेत सापडतो. परंजोती मुनिवर यांच्या ‘तिरुविळैयाडल पुराणम्’ मध्ये शिवाच्या मदुराईतल्या चौसष्ट लीला आहेत, त्यांतली ही एक. पांड्य राजाने आपला मंत्री माणिक्कवाचकर याला वैगईच्या तापल्या वाळूत उभे करून शिक्षा दिली, तेव्हा शिवाने नदीला पूर आणला. तट फुटू लागला. राजाने घरटी एकेक तुकडा वाटून दिला आणि ज्याचा त्याने बांधावा, अशी आज्ञा काढली. वंदी नावाची म्हातारी पिट्टु विकून पोट भरत असे. पिट्टु म्हणजे तांदळाच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ. तिला ना मूल ना माणूस. पण तुकडा तिच्याही वाट्याला आलाच.

मग शिव मजूर होऊन आला. मोडका पिट्टु मला, अखंड तुझा, अशी मजुरी ठरली आणि त्या दिवशी तिचा सगळाच पिट्टु मोडत गेला. मजूर पोटभर जेवला, पाण्यात डुंबला, नाचला आणि झाडाखाली झोपला. आपल्याकडचा विठोबा जनाबाईसोबत इमानाने दळण दळतो. मदुराईचा हा देव कामचुकार आहे. बाकी तट उभा राहिला आणि वंदीचा तुकडा तेवढा उघडा राहिला. राजाने मजुराच्या पाठीत वेत मारला. तो वळ राजाच्या पाठीवर उठला, दरबाऱ्यांच्या उठला, साऱ्या चराचराच्या अंगावर उठला. मजुराने एक पाटी माती टाकली, तट सांधला आणि तो दिसेनासा झाला. मदुराईच्या मीनाक्षी-सुंदरेश्वर मंदिराच्या आवणी या तमिळ महिन्यातल्या उत्सवात ही लीला आजही साजरी होते.

कथेचा रोख भक्तीकडे आहे, पण तिची मांडणी बांधाच्या स्वभावातून आलेली आहे. बांध सरासरीने टिकत नाही. शंभर घरांपैकी नव्याण्णवांनी चोख काम केले तरी पाणी शंभराव्याच्या तुकड्यातून शिरते आणि सगळ्यांना बुडवते. सर्वांच्या पाठीवर उठलेला वळ हे त्याच हिशेबाचे चित्र आहे. समान वाटणीचा अन्यायही इथे उघडा पडतो: ज्याच्या अंगात बळ नाही त्याच्यावर तितकाच भार टाकला, तर दोष त्याच्या आळसाचा नसून वाटणीचा असतो. तमिळ मुलखात गावाने मिळून तळी आणि पाट राखण्याच्या पद्धतीला कुडिमरामत्तु म्हणत. इंग्रजी अमलात 1858 च्या मद्रास कायद्याने बांध फुटताना सक्तीने मजूर धरण्याचा अधिकार दिला. सामायिक कर्तव्य आणि वेठ यांतले अंतर किती थोडे असते, ते या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की दिसते.

पाणी अडवायचे नाही, फक्त त्याला वाट द्यायची, अशीही एक भूमिका आहे. शिरोळ तालुक्यात कृष्णा-पंचगंगा संगमावर नृसिंहवाडीला पुराचे पाणी दत्तपादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्या दक्षिणद्वार सोहळ्यात स्नान करणे भाविक पुण्याचे मानतात. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती वरच्या जागी हलवतात. देवानेच पुराला जागा करून द्यावी, ही रीत कौटिल्याच्या सल्ल्याहून फार दूर नाही. मात्र मंदिराला जे शोभते ते घराला परवडत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये याच तालुक्यातल्या गावांना घरेदारे सोडून बाहेर पडावे लागले.

आता दुसऱ्या काठाचा प्रश्न. एका तीराला तट बांधला की पाण्याचा रेटा समोरच्या तीरावर किंवा खालच्या गावावर जातो. याज्ञवल्क्यस्मृतीने शेतातल्या बांधापुरता याचा निवाडा दिला आहे: दुसऱ्याच्या जमिनीला थोडी बाधा आणि पुष्कळांचे कल्याण होत असेल, तर बांधाला मनाई करू नये. मालकाला न विचारता बांधला, तर त्याचे फळ बांधणाऱ्याला मिळत नाही, मालकाला मिळते. या स्मृतीवरची विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ महाराष्ट्रातही प्रमाण मानली गेली. नियम समंजस आहे. अडचण एवढीच, की बाधा थोडी आहे हे ठरवायचे कुणी?

बिहारच्या कोसी नदीवर हा नियम ताणून तुटतो. 1955 पासून तिच्या दोन्ही अंगांना तटबंध उभारले गेले आणि शेकडो गावे दोन तटांच्या मधे, नदीच्या बाजूला अडकली. बाहेरच्यांच्या रक्षणाची किंमत त्यांनी दर वर्षी मोजली. ही बाधा थोडी नव्हती. नदीचा गाळ तटांमध्ये साचून पात्र उंचावत गेले. 18 ऑगस्ट 2008 रोजी नेपाळातल्या कुसहा इथे पूर्वेचा तट फुटला, तेव्हा नदीत तटाच्या ठरवलेल्या क्षमतेच्या फार तर सहाव्या हिश्श्याइतके पाणी होते. नदी जुन्या वाटांनी वाहिली आणि तटाच्या भरवशावर निर्धास्त असलेली बाहेरची गावे बुडाली. तटांमधल्या गावांचे पुनर्वसन मात्र बाहेरच्या, पाणी तुंबणाऱ्या जमिनीवर आखलेले होते. शेती नदीच्या बाजूलाच राहिल्यामुळे अनेक कुटुंबे तिथून कधीच हलली नव्हती किंवा परत गेली होती.