कुत्रं टेकून का बसतं?

आजचं वाचन: महाभारत, महाप्रस्थानिक पर्व.

हस्तिनापूर सोडून पाच भाऊ, द्रौपदी आणि सातवं एक कुत्रं निघतं. ते का निघालं, हे व्यासांनी सांगितलेलं नाही. वाटेत द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. कुत्रं चालतच राहतं. शेवटी इंद्र रथ घेऊन येतो आणि युधिष्ठिराला म्हणतो, याला सोड, यात निर्दयपणा काही नाही. युधिष्ठिर नाही म्हणतो. का, तर हा माझा भक्त आहे, आणि भक्ताला टाकणं ब्रह्महत्येइतकं पाप आहे.

कुत्र्याला चक्क 'भक्त'! आपण हा शब्द स्वतःला किती सहज लावतो ना.

येरमाळ्याला आमच्या ढाळजेत मोत्या आबांच्या मांडीला पाठ लावूनच बसतो. जागा भरपूर असते, उन्हाळ्यात जीव नको होतो, तरी चिकटूनच. माझं इंजिनिअर डोकं लगेच म्हणतं, यात कसली भक्ती, भाकरी मिळते म्हणून बसतो. शिवाय पिल्लांचे डोळे पहिले दोनेक आठवडे मिटलेले असतात, स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही, म्हणून ती आईला आणि एकमेकांना बिलगून झोपतात. टेकायची सवय तिथूनच लागत असणार. हे सगळं पटतं, पण पुरत नाही.

कोलकात्याच्या आयसरमध्ये अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. २०१७ साली त्यांनी एक प्रयोग मांडला. अनोळखी माणसाने काही कुत्र्यांना पुन्हा पुन्हा खायला दिलं, काहींना फक्त कुरवाळलं. त्या माणसावरचा विश्वास कुरवाळलेल्या कुत्र्यांचा जास्त वाढला. आणि ही उकिरड्यावर पोट भरणारी कुत्री, बरं का! २०१५ मध्ये जपानी संशोधकांना दिसलं की कुत्रा आणि मालक एकमेकांकडे बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. माणसाने वाढवलेल्या लांडग्यांत तसं झालं नाही. 'दोघांच्याही' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. टेकणारा बदलतो, तसा ज्याच्यावर टेकलंय तोही बदलतो.

मग हे प्रेम की गरज? गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार आहेत. त्यात दुःखाने आलेला आहे, काही मागायला आलेलाही आहे. ज्ञानी सर्वांत जवळचा खरा, पण भगवंत चौघांनाही उदारच म्हणतात. आपल्या आई येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत चुनखडी वेचायला येणाऱ्या गर्दीत नवस घेऊन आलेले थोडे असतात का? गरज आहे म्हणून कुणाची भक्ती खोटी ठरवायची, तर डोंगरावर कोण उरेल? मग मोत्यालाच वेगळा नियम का?

खंडोबाचे वाघ्या तर स्वतःला देवाचं कुत्रंच म्हणवतात. आपल्या जिल्ह्यात अणदूर-नळदुर्गला जाऊन या एकदा. त्या म्हणण्यात मला कमीपणापेक्षा हक्क जास्त ऐकू येतो. मी तुझ्या दारचा आहे, आता मला हाकलता येणार नाही.

अवघड भाग इथे आहे. पुण्यात वर्क फ्रॉम होमच्या काळात हौसेने पिल्लू आणायचं, त्याला अंगाखांद्यावर खेळवायचं, आणि ऑनसाइट मिळालं की कुणाच्या तरी गळ्यात घालायचं. कारणं सगळी व्यवहाराची असतात. 'यात निर्दयपणा काही नाही' हे इंद्राचं वाक्यही व्यवहाराचंच होतं. ते कुत्रं म्हणजे साक्षात धर्म, हे नंतर उघड झालं. नाही म्हणताना युधिष्ठिरासमोर फक्त एक कुत्रं होतं.

इंद्राने त्याला तिरका प्रश्नही विचारला. भाऊ सोडलेस, द्रौपदी सोडलीस, मग हेच का सुटत नाही? युधिष्ठिराचं उत्तर असं की ते मेले होते, मेलेल्यांना परत आणणं माझ्या हातात नव्हतं. जिवंत असेपर्यंत मी त्यांना सोडलं नव्हतं.

उद्याचं वाचन: स्वर्गारोहण पर्व.