न टिपलेल्या दुःखाचें चित्र

1947 नंतर सिंधमधून आलेलीं निर्वासित कुटुंबें कल्याण कॅंपांतील लष्करी बराकींत गोणपाटाचे आडपडदे लावून राहिलीं. त्याच कॅंपाचें 1949 सालीं उल्हासनगर झालें. पडद्याआडचें दुःख कोणीं टिपलें? तेथील एखादी आजी सांगते तेंच बहुतांशीं आपलें दफ्तर. आतां तिच्या शब्दांवरून कृत्रिम बुद्धीच्या यंत्राकडून चित्र काढवावें, तर ती खोटी साक्ष होईल काय?

आस्ट्रेलियानें निर्वासितांस दूर नाउरू बेटावर कोंडलें. तेथील सरकारनें 2014 सालीं वार्ताहरांच्या व्हिसाची फी 200 वरून 8000 डॉलर केली. मग आंत कोण जाणार? अशा कोंडवाड्यांतून सुटलेल्या 32 जणांच्या जबान्यांवरून मॉरिस ब्लॅकबर्न या वकिलांच्या संस्थेनें 2023 सालीं यंत्राकडून चित्रें करविलीं, आणि तीं यंत्राचीं आहेत हें उघड सांगितलें.

तेव्हां चित्र काढणें हेंच पाप, असें मला वाटत नाहीं. भय निराळें आहे. आजीनें ‘खिडकी नव्हती’ म्हणावें आणि यंत्रानें शोभेसाठीं खिडकी घालावी. जुलूम नाकारणारा त्या खिडकीकडेच बोट दाखवील, व खरें बोलणारी आजी लबाड ठरेल. म्हणून चित्र प्रथम तिलाच दाखवावें, आणि ती ‘असें नव्हतें’ म्हणेल तें पुसून टाकावें.