कोणाच्या पापामुळे?

रस्त्याने जाताना शिष्यांना एक जन्मांध माणूस दिसला. त्यांनी येशूला विचारले, हा असा जन्मला तो कोणाच्या पापामुळे? याच्या स्वतःच्या, की याच्या आईबापांच्या? येशू म्हणाला, याच्याही नाही आणि त्यांच्याही नाही. मग त्याने थुंकीने माती कालवली, ती त्या माणसाच्या डोळ्यांना लावली आणि त्याला शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवले. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील हा प्रसंग आहे.

शिष्यांचा प्रश्न मात्र अगदीच निराधार नव्हता. आदाम आणि हव्वा यांनी आज्ञा मोडली आणि त्यानंतर कष्ट, काटेकुसळे, प्रसूतिवेदना व मृत्यू माणसाच्या वाट्याला आले, असे उत्पत्तीचे पुस्तक सांगते. पण त्याच बायबलमध्ये ईयोबही आहे. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाला त्याचे मित्र पटवत राहतात की, तुझ्या हातून पाप घडलेच असणार. शेवटी देवाचा राग होतो तो या मित्रांवर.

पाप येते कुठून, हा प्रश्न ऑगस्टीनने जन्मभर सोडला नाही. उत्तर आफ्रिकेत 354 साली जन्मलेला हा माणूस सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर शेजारच्या बागेतील नासपती चोरायला गेला होता. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती. चोरलेली बहुतेक फळे त्यांनी डुकरांपुढे टाकली. पुढे बिशप झाल्यावर ‘कन्फेशन्स’मध्ये त्याने या क्षुल्लक चोरीवर पानेच्या पाने लिहिली, कारण तिच्यात त्याला वाईटाचीच गोडी दिसली. तरुणपणी सुमारे नऊ वर्षे तो मानी पंथात होता. वाईट ही विश्वातील एक स्वतंत्र शक्ती आहे, असे तो पंथ मानी. त्यात एक सोय होती: चूक मी केली नाही, माझ्यातल्या त्या शक्तीने केली, असे म्हणता येई. ऑगस्टीनने ही सोय नाकारली. वाईटाला स्वतःचे अस्तित्व नाही, असे तो मानू लागला. कापडाशिवाय भोक असू शकत नाही, तसे चांगल्याशिवाय वाईट असू शकत नाही. पापाचे मूळ माणसाच्या वाकड्या झालेल्या इच्छेत आहे आणि हा वाकडेपणा आदामापासून साऱ्या मानवजातीत उतरला आहे, हे त्याचे म्हणणे.

पेलागियस या तपस्व्याला हे मान्य नव्हते. माणसाने ठरवले तर तो नीट वागू शकतो. तसे नसेल तर त्याला जबाबदार कसे धरायचे, असे तो विचारी. 418 साली कार्थेजच्या धर्मसभेने त्याची शिकवण अमान्य केली. तरी त्याच्या प्रश्नाचे वजन आजही जाणवते. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरा सांगते की आदामाकडून मर्त्यता आणि दुबळेपण येते, त्याचा अपराध येत नाही.

ऑगस्टीनने स्वतःकडे पाहिले तेव्हा आदिपापाच्या, म्हणजे आदामापासून उतरलेल्या या पापाच्या, विचाराने त्याला नम्र केले. तोच विचार दुसऱ्याच्या पाळण्याकडे वळला, तेव्हा तो निष्ठुर झाला. बाप्तिस्मा न होता दगावलेल्या अर्भकालाही स्वर्ग नाही, असे तो सांगू लागला. मध्ययुगातील धर्मपंडितांनी अशा बाळांसाठी ‘लिंबो’ नावाची वेगळी जागा कल्पून ही शिकवण सौम्य केली, पण स्वर्गाचे दार बंदच राहिले. आयर्लंडमध्ये विसाव्या शतकापर्यंत अशी बाळे पवित्र भूमीबाहेर, ‘किलीन’ म्हणतात त्या जागी पुरली जात, बऱ्याचदा अंधारात. त्या आयांनी कोणते पाप केले होते? या बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहे, असे व्हॅटिकनच्या धर्मशास्त्रीय आयोगाने म्हटले ते 2007 साली.

लूकच्या शुभवर्तमानात येशू शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्या अठरा जणांविषयी बोलतो. ते यरुशलेममधील इतरांपेक्षा अधिक पापी होते, असे तुम्हाला वाटते का, असे तो विचारतो. नाही, असे सांगून तो ऐकणाऱ्यांनाच म्हणतो की, तुम्ही पश्चात्ताप करा. मेलेल्यांचा हिशेब मांडायला आलेल्यांना तो स्वतःचा हिशेब पाहायला लावतो.

पापाची शिकवण स्वतःला तपासण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या दुःखाचा निवाडा करण्यासाठी नाही. माझ्या मते ख्रिस्ती विचाराचे सार इथे आहे आणि ते कोणत्याही धर्माच्या माणसाने घ्यावे असे आहे. आपल्याकडे घरात अपंग मूल जन्मले की ‘मागच्या जन्मीचे काहीतरी असेल’ असे सहज म्हटले जाते. ऐन तारुण्यात नवरा गेला तर ‘हिचा पायगुण’ म्हणतात. हे बोल त्या बाईला दुसऱ्यांदा मारतात. तेव्हा पुढच्या वेळी कोणाच्या दुःखाचे कारण ओठांवर येईल, तेव्हा ते गिळा आणि विचारा, मी काय करू?