मान आणि मोल



ऑस्कर असो वा आपले राष्ट्रीय पुरस्कार, निकाल जाहीर झाले की घरोघरी वाद रंगतो: ज्याला बक्षीस मिळाले, तोच त्या वर्षीचा सर्वोत्तम चित्रपट होता का? हा प्रश्न केवळ सिनेमाचा नाही. मान आणि मोल एकच आहेत का, हा खरा प्रश्न आहे.

१९४६ साली फ्रँक काप्रा यांचा 'इट्स अ वंडरफुल लाइफ' हा अमेरिकन चित्रपट आला. त्याला ऑस्करची पाच नामांकने मिळाली, पण पाचांपैकी एकही पुरस्कार लाभला नाही. कृत्रिम बर्फ पाडण्याच्या नव्या पद्धतीबद्दल तंत्रज्ञांचा तेवढा गौरव झाला. खर्चही भरून निघाला नाही. १९७४ मध्ये त्याचा स्वामित्वहक्क संपला, दूरचित्रवाणी केंद्रे नाताळात तो वारंवार दाखवू लागली आणि अमेरिकेत तो घरोघरी पोहोचला. १९९५ मध्ये सिनेमाच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने ४५ चित्रपटांची यादी केली, तीत त्याला स्थान मिळाले.

मग परीक्षक चुकले का? तसे म्हणणे घाईचे होईल. त्या वर्षी सर्वोत्तम ठरलेला 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज' हा युद्धावरून परतलेल्या सैनिकांची व्यथा सांगणारा खरोखर चांगला चित्रपट होता. महायुद्ध नुकतेच संपले होते. लोकांना त्यात आपलेच घर दिसले असेल. निवाडा खोटा नव्हता, पण तो त्या वेळेचा होता.

अ‍ॅरिस्टॉटलच्या मते मान हा घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यावर अधिक अवलंबून असतो. संत थॉमस अक्वायनस शिकवतात की मान ही गुणाची खूण आहे. खुणेमुळे गुण निर्माण होत नाही, आणि खूण नाही म्हणून तो नाहीसाही होत नाही.

त्या चित्रपटाची कथाही हीच आहे. जॉर्ज बेली जग पाहण्याचे स्वप्न बाजूला ठेवून गावातली छोटी पतपेढी चालवतो, गरिबांना घरे मिळवून देतो. नाताळच्या आदल्या रात्री संकटात सापडून तो जीव द्यायला निघतो. तेव्हा देवदूत त्याला दाखवतो की तो जन्मालाच आला नसता तर गाव कसे उजाड झाले असते.

आपल्या धर्मग्रामातही सणाला शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतात. ते व्हावेत, कारण कृतज्ञता हे आपले कर्तव्य आहे. पण अंथरुणाला खिळलेल्या सासूची वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या सुनेचे नाव व्यासपीठावरून पुकारले जात नाही. तिचे मोल त्यामुळे घटत नाही. आपली नजर मात्र तोकडी ठरते. मंदिरात दोन नाणी टाकणाऱ्या विधवेकडे कोणाचे लक्ष नव्हते, प्रभू येशूचे होते.

म्हणून मान मिळाला तर नम्रतेने घेऊ या, हुकला तर खचू नये. आणि या आठवड्यात ज्यांचा सत्कार कधीच झाला नाही अशा एका व्यक्तीच्या घरी जाऊन आभार मानू या.