शनिवारचा स्वयंपाक

रविवारची उपासना चुकू नये म्हणून हैदराबादेतील आमच्या घरी शनिवारी रात्रीच स्वयंपाकाची तयारी होते. इडलीचे पीठ वाटून आंबायला ठेवायचे, कांदा-खोबऱ्याचे वाटण फ्रिजमध्ये, चिंच भिजत. या रीतीला शास्त्राचा आधार आहे. निर्गमाच्या 16 व्या अध्यायात सहाव्या दिवशी दुप्पट मान्ना गोळा करून रांधून ठेवण्यास सांगितले आहे, आणि तो नासला नाही. एरवी उरवलेल्या मान्नात मात्र किडे पडले. (मे महिन्यात इथे रात्रभर बाहेर राहिलेल्या आमटीचे काय होते, ते भगिनींना ठाऊकच आहे.)

पण वाचला तो वेळ कोणाचा? आमचा रविवार मोकळा झाला. पत्नीचे काम कमी न होता शनिवारी रात्री अकरापर्यंत सरकले. उपदेशाच्या वेळी ती पेंगते म्हणून आम्हीच तिला कितीदा कोपराने ढोसले आहे!

शब्बाथाच्या आज्ञेत पुत्र, कन्या, दास, दासी, गुरेढोरे, उपरा, साऱ्यांच्या विसाव्याची नोंद आहे. पत्नीचा वेगळा उल्लेख नाही. ती ‘तू’ या शब्दातच आली, असे आम्ही मानतो. मग त्या ‘तू’ने कांदा चिरायला का बसू नये?

शहरात जागोजागी ‘करी पॉइंट’ आहेत. घरी भात लावावा, भाजी-सांबार तिथून आणावे. पण घरच्याच चवीचा आग्रह आमचा, आणि हात तिचे.

गेल्या शनिवारी आम्ही लसूण सोलावयास बसलो. दोन गड्ड्यांना अर्धा तास लागला. तेवढ्यात तिने पीठ वाटून भांडीही घासली होती.