करोनावर आळ, कावीळ मोकाट

करोना होऊन गेलेल्या माणसाच्या यकृतात दोन-तीन वर्षांनी कॅन्सरची गाठ निघाली, तर घरच्यांना दोन्हींचा संबंध जोडावासा वाटणारच. मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावात तर अधिकच. २०२१ च्या उन्हाळ्यातली दुसरी लाट इथले लोक विसरलेले नाहीत. रोज टीव्हीवर साथीचे आकडे सांगणारे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे याच जालना जिल्ह्याचे. ज्या आजाराचे नाव दोन वर्षे कानांवर आदळत राहिले, त्याच्याच खात्यावर पुढची सगळी दुखणी जमा होतात. पण करोनामुळे यकृताचा कॅन्सर होतो, याला आजवर पुरावा मिळालेला नाही. आणि आळ भलत्यावर गेला की खरा गुन्हेगार मोकाट सुटतो.

करोना यकृताला स्पर्शच करत नाही, असे मात्र नव्हे. साथीत दाखल झालेल्या अनेकांच्या रक्तात यकृताची एसजीपीटीसारखी विकरे वाढलेली दिसली. कधी शरीराचा स्वतःचाच दाह, कधी घटलेला प्राणवायू, कधी औषधांचा मारा, अशी त्याची कारणे होती. बहुतेकांचे आकडे बरे झाल्यावर पूर्वपदावर आले. अतिदक्षता विभागात दीर्घकाळ राहिलेल्या थोड्या रुग्णांच्या पित्तनलिकांना कायमची इजा झाली. ही इजा खरी आहे, पण तिला कॅन्सर म्हणता येत नाही.

विषाणूने कॅन्सर घडवायचा, तर त्याला सहसा शरीरात मुक्काम ठोकावा लागतो. करोनाचा विषाणू बहुतेकांच्या शरीरातून काही दिवसांत किंवा आठवड्यांत निघून जातो. 'कावीळ ब'चा (हिपॅटायटिस बी) विषाणू मात्र पाहुणा म्हणून येऊन घरमालक होणारा. तो आपला डीएनए यकृतपेशीच्या डीएनएमध्ये घुसवतो आणि वीस-तीस वर्षे गुपचूप राहतो. आधी सूज, मग व्रण, मग सिरॉसिस म्हणजे यकृत व्रणांनी घट्ट होणे, आणि त्यातून अनेकदा कॅन्सर, अशी ही चाल असते. 'कावीळ क', दारू, लठ्ठपणा-मधुमेहाबरोबर येणारी यकृतातली चरबी आणि बुरशी लागलेल्या धान्यातले अफ्लाटॉक्सिन हे बाकीचे आरोपी. म्हणूनच २०२३ मध्ये सापडलेल्या गाठीचे मूळ बहुधा २०२० मध्ये नसते. ते त्याच्या कितीतरी आधीचे असते.

तरीही करोनाचा आणि या कॅन्सरचा एक संबंध नाकारता येत नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने देशातल्या ४१ कॅन्सर केंद्रांची पाहणी झाली. २०२० च्या मार्च ते मे या काळात नव्या रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षाच्या तुलनेत ५४ टक्क्यांनी घटली होती. त्या तीन महिन्यांत कॅन्सर निम्म्यावर आला नव्हता, दवाखान्यापर्यंत पोहोचणारी माणसे निम्म्यावर आली होती. सिरॉसिसच्या रुग्णाची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते, कारण ही गाठ लहान असताना दुखत नाही. ती एक सोनोग्राफी चुकली, तरी उपचाराची संधी हुकू शकते. शिवाय ज्यांचे यकृत आधीच खराब होते, त्यांना करोनाने मृत्यूचा धोकाही जास्त होता. म्हणजे खराब यकृताने करोना घातक केला, हे विधान पुराव्याला धरून आहे. उलटे विधान नाही.

भीतीने आणखी एक गोष्ट केली. प्रतिकारशक्तीच्या नावाने घरोघर काढे उकळले. २०२० च्या अखेरच्या महिन्यांत मुंबईतल्या डॉक्टरांना गुळवेल घेणारे सहा जण यकृताला इजा झालेले आढळले. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष नाकारला. पुढे इतर शहरांतल्या डॉक्टरांनीही तशाच नोंदी केल्या. 'झाडपाल्याने अपाय होत नाही' हा समज यकृताला मान्य नाही, एवढे तरी यातून शिकायला हवे.

मंठ्याहून जालना साठेक किलोमीटर, आणि शासकीय कॅन्सर रुग्णालय त्याहून तेवढेच पुढे, छत्रपती संभाजीनगरला. एक दिवसाची मजुरी बुडवून तिथे जाणारा माणूस आधी गावातच उपाय शोधतो. डोळे पिवळे दिसले की गळ्यात माळ घालून, चुन्याच्या पाण्याने हात धुऊन कावीळ 'उतरवली' जाते. 'कावीळ अ' आणि 'ई' बहुधा आपोआप बऱ्या होतात, म्हणून माळेला यश मिळते. 'ब' मात्र पिवळेपणा ओसरल्यावरही काहींच्या शरीरात राहते, आणि कित्येकदा पिवळेपणा न दाखवताच शिरते.

'ब'च्या विषाणूवर लस आहे, ही यातली सर्वांत मोठी गोष्ट. तैवानने १९८४ पासून नवजात बाळांना ती दिली आणि तिथल्या मुलांमधला यकृताचा कॅन्सर ठळकपणे कमी झाला. आपल्या सरकारी लसीकरणात ती २०११ पासून देशभर आली. जन्माच्या वेळी लागण झालेल्या दहापैकी नऊ बाळांत हा विषाणू कायमचा राहतो, म्हणून पहिला डोस जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत द्यायचा असतो. आज तिशी ओलांडलेल्या बहुतेकांना ही लस लहानपणी मिळालेली नाही. त्यांच्यासाठी २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत आहेत.

करोनाकाळात स्वॅबसाठी रांगा लावणाऱ्या आपल्या समाजाला रक्ताची एक साधी तपासणी जड जाऊ नये. गरोदर बाईची 'कावीळ ब'ची तपासणी झाली का, हे सासरच्यांनी विचारावे. इंजेक्शन घेताना सुई नवी आहे का, हे न लाजता पाहावे. आणि घरात कोणाला यकृताचा कॅन्सर किंवा 'कावीळ ब' निघाली असेल, तर करोनाला बोल लावत न बसता बाकी सगळ्यांनी आपले रक्त याच महिन्यात तपासून घ्यावे.