सातबारा आणि फॉर्म सोळा

गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर आम्ही पवन मावळातली तीस गुंठे जमीन विकली. वडगावला जाऊन दस्त केला. थोरल्या काकांनी मशीनवर अंगठा ठेवला, मग बाबांनी. आजोबांनी बांध घातलेली भाताची खाचरं मुंबईच्या एका माणसाची झाली. कागदोपत्री तो शेतकरी आहे, कारण महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर शेतकरी असावं लागतं. तिथे तो इंद्रायणी लावणार नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि आम्हालाही.

घरी आल्यावर मी आमच्या सीएला फोन केला. सगळे मिळून सव्वा कोटी आले होते. यावर टॅक्स किती बसेल?

"काही नाही," तो म्हणाला.

नियम असा आहे : शेतजमीन 'ग्रामीण' ठरली, तर आयकर कायद्याच्या दृष्टीनं ती भांडवली मालमत्ताच नसते. त्यामुळे तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. ग्रामीण कशाला म्हणायचं, याची अंतरं ठरलेली आहेत. लोणावळा किंवा तळेगावसारख्या नगरपरिषदेच्या हद्दीपासून २ किलोमीटरच्या पलीकडे, पिंपरी-चिंचवडसारख्या दहा लाखांवरच्या शहरापासून ८ किलोमीटरच्या पलीकडे. तेही रस्त्यानं मोजायचं नाही, सरळ रेषेत. आमची जमीन या सगळ्या रेषांच्या बाहेर होती.

मी फोन ठेवला आणि चुलतभाऊ हसायला लागला. "काय रे, शेतकऱ्यांना टॅक्स लावा म्हणत होतास ना?"

म्हणत होतो, हे खरं आहे. माझ्या पगारातून वर्षाला दीड लाखाच्या वर आयकर जातो. हातात यायच्या आधीच टीडीएस कापलेला असतो, आणि जूनमध्ये फॉर्म सोळा हातात पडला की ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये आमचं रडगाणं सुरू होतं. देशात टॅक्स फक्त नोकरदार भरतात, लँड क्रूझरवाले बागायतदार शून्य भरतात, वगैरे. मी त्यात पुढे असायचो. त्या संध्याकाळी मात्र मी भावाला म्हणालो, "ही वेगळी केस आहे."

का वेगळी, हे तेव्हा सांगता आलं नाही. नंतर बरेच दिवस मी तेच शोधत होतो.

न्याय्य कर कोणता, यावर आपण भांडतो तेव्हा बहुधा प्रत्येकाच्या हातात वेगळं माप असतं. एक माप म्हणजे जितकं वापरलं तितकं द्या. एक्सप्रेसवेवर कारला ३२० रुपये टोल पडतो, तो या मापानं. दुसरं माप, ज्याला जितकं झेपेल तितकं. आयकराचे टप्पे यावर उभे आहेत, म्हणूनच आज नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या नोकरदाराला कर लागत नाही. तिसरं माप, सगळ्यांना सारखं. जीएसटी असा चालतो. आमच्याकडे लावणीला येणारी कातकरी मावशी २९९ रुपयांचं रिचार्ज मारते, त्यात साधारण ४५ रुपये जीएसटी असतो. मी तेच रिचार्ज मारतो तेव्हाही तेवढाच. तिला त्यासाठी किती वेळ चिखलात वाकावं लागतं आणि मला किती मिनिटं कीबोर्ड बडवावा लागतो, याच्याशी त्या ४५ रुपयांना देणंघेणं नाही. आणि 'देशात टॅक्स फक्त आम्हीच भरतो' हे कॅन्टीनमधलं वाक्य तिच्यासमोर टिकत नाही.

गंमत म्हणजे शंभर वर्षांपूर्वी हीच तक्रार उलट्या बाजूनं होती. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी जमीन महसुलावर बोट ठेवलं होतं. आयकर भरणाऱ्याचं उत्पन्न ठरावीक रकमेच्या खाली असेल तर त्याला सूट मिळते. शेतकऱ्याला मात्र पीक येवो न येवो, तुकडा केवढाही असो, सारा भरावाच लागतो. हा त्यांचा मुद्दा होता. तेव्हा पगारदाराला सवलत आणि शेतकऱ्याला सक्ती होती. आज शेतीचं उत्पन्न आयकरातून पूर्ण बाहेर आहे. दोन्ही वेळा कायद्यानं पाहिलं ते माणसाच्या कपाळावरचं लेबल. त्याच्या खिशात काय आहे हे पाहिलं नाही. अर्ध्या एकरात कुटुंब जगवणारा आणि कोटींची उलाढाल करणारा द्राक्ष बागायतदार आज एकाच शब्दाखाली उभे आहेत. १९७२ मध्ये के. एन. राज समितीनं छोट्यांना वगळून मोठ्या शेतीधारणेवर कर सुचवला होता. शेतीच्या उत्पन्नावर कर लावायचा अधिकार राज्यांचा. मतं शेतकऱ्यांची. तो अहवाल कागदावरच राहिला.

आता आमच्या सव्वा कोटीकडे पाहू. त्या खाचरातलं भाताचं पीक तीस वर्षांत फारसं बदललं नाही, जमिनीचा भाव मात्र कितीतरी पटींनी वाढला. यात आमच्या घामाचा वाटा शून्य. २००२ मध्ये एक्सप्रेसवे पूर्ण झाला, तळेगावात एमआयडीसी आली, शनिवार-रविवारी पवना धरणाकाठी तंबू ठोकणारी गर्दी आली. रस्ता टोल आणि कर भरणाऱ्यांच्या पैशातून झाला, भाव आमच्या सातबाऱ्याला चढला. ज्या पैशावर कर लावणं सगळ्यात सोपं आणि रास्त आहे असा पैसा शोधायचा झाला, तर मला आमच्याच बँक खात्याकडे बोट दाखवावं लागेल. माझ्या सहकाऱ्यानं तळेगावातला फ्लॅट विकला, त्याला नफ्यावर साडेबारा टक्के भरावे लागले.

हे मी जेवताना काकांना सांगितलं. काका जेवत राहिले. मग म्हणाले, "धरणात आपली चार एकर गेली. पाणी चिंचवडला जातं. तुझा टॅक्स पगारातून कापतात, दुसऱ्या महिन्याला परत पगार येतो. आमची जमीन परत आली का?"

मला उत्तर देता आलं नाही, आजही नीट देता येत नाही. पवना धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अर्धं शतक उलटून गेलं तरी पुरता सुटलेला नाही. कराच्या कुठल्याच तक्त्यात ती चार एकर दिसत नाही. काकांच्या हिशोबात कर आगाऊ भरून झाला होता.

पण काकांचा हिशोब मान्य केला तरी मावशीचं काय? तिच्या नावावर सातबारा नाही, म्हणून धरणात जायला जमीन नव्हती आणि विकायलाही नाही. रस्ता आल्यानं तिचा भाव वाढला नाही. आता त्या खाचरात फार्महाऊसचं कुंपण आलंय, म्हणजे लावणीचं कामही गेलं. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी म्हटलं होतं की महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि खर्च वरच्या वर्गाच्या शिक्षणावर होतो. मी सरकारी कॉलेजात इंजिनिअर झालो. माझी फी खऱ्या खर्चाच्या मानानं किरकोळ होती. उरलेल्यात तिच्या साबणाचे आणि काडेपेटीचेही पैसे होते.

'ही वेगळी केस आहे' असं मी का म्हणालो, ते आता कळतं. फॉर्म सोळा हातात असताना मला 'सगळ्यांनी भरावं' हे माप आवडत होतं. सातबारा हातात आला, तेव्हा 'आम्ही खूप सोसलंय' हे माप आवडलं. दोन्हींत तथ्य होतं, पण मी निवड मात्र खिसा बघून केली.

तेव्हा माझं मत लिहून ठेवतो, पैसे खात्यात आल्यानंतर. जमिनीच्या मोठ्या नफ्यावर कर असावा. पगाराला आहे तशी त्यालाही खालची मर्यादा असावी, म्हणजे दोन गुंठे विकून मुलीचं लग्न करणारा वाचेल. प्रकल्पात जमीन गेलेल्याला ती त्याच्या हिशोबात वजा करून मिळावी. असा कायदा तेव्हा असता, तर आम्हालाही काही लाख भरावे लागले असते. ते स्वतःहून दान करून भागत नाही. दान मी माझ्या मर्जीनं, मला पटेल त्याला देईन. कर सगळ्यांनी मिळून ठरवलेला असतो, म्हणून तो भांडून ठरवावा लागतो.

काकांना हे वाचून दाखवलं. प्रकल्पग्रस्तांचं वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं. बाकीच्यावर म्हणाले, "लिही, पण गावात सांगू नको."